सासऱ्यांना मधुमेह आहे, लाल भोपळा वाढू का?

वेंगुर्ल्याजवळच्या एका गावातून एका ताईंनी विचारलं आहे: यंदा परड्यातल्या वेलाला लाल भोपळे भरपूर धरले. सासरे 68 वर्षांचे, मधुमेहाच्या गोळ्या चालू. "भोपळो गोड, माका वाढू नको," म्हणून ते हातही लावत नाहीत. सात वर्षांची मुलगी भाजी दिसली की ताट सरकवते. त्यामुळे घरातला भोपळा घारग्यांतच संपतो. बियांच्या चूर्णाने साखर उतरते असं मोबाईलवर ऐकलं, ते खरं का? आणि रोजच्या जेवणात भोपळा कसा करावा?

ताई, सासऱ्यांना भोपळ्याची भाजी जरूर वाढा. घारगे मात्र त्यांच्यासाठी सणापुरतेच ठेवा. तुमच्या घरात सध्या नेमकं उलटं चाललं आहे. ज्या रूपात भोपळा त्यांना चालतो, त्या रूपात तो शिजतच नाही, आणि ज्या रूपात जपून खायला हवा, त्याच रूपात तो संपतो. आहारतज्ज्ञ म्हणून कोकणातल्या घरांतली ताटं मी रोज ऐकते, लिहून घेते. त्यात हे चित्र मला फार वेळा दिसतं आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण परड्यात फुकट येणारी इतकी चांगली भाजी निव्वळ गैरसमजापायी ताटाबाहेर राहते.

भोपळा जिभेला गोड लागतो, पण त्यात 90 टक्क्यांहून जास्त पाणी असतं. 100 ग्रॅम कच्च्या भोपळ्यात साधारण 6 ते 7 ग्रॅम कर्बोदकं आणि 26 च्या आसपास कॅलरी असतात. जात गोड असेल, फळ पूर्ण पिकलेलं असेल, तर आकडा थोडा वर जातो. आता शेजारी भात ठेवून बघा. 100 ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे 28 ग्रॅम कर्बोदकं, उकडलेल्या बटाट्यात 20 च्या आसपास. सासरे भाजी नाकारतात आणि भाताचा दुसरा वाढा घेतात, तेव्हा त्यांच्या रक्तातली साखर त्या भाताने चढते. वाटीभर भोपळ्याच्या भाजीतून आठ-दहा ग्रॅम कर्बोदकं जातील, वाटीभर भातातून चाळीसच्या आसपास.

काही वाचलेली माणसं इथे ग्लायसेमिक इंडेक्सचं, म्हणजे पदार्थ खाल्ल्यावर रक्तातली साखर किती चढते ते दाखवणाऱ्या आकड्याचं, नाव काढतात. भोपळ्याचा हा आकडा काही तक्त्यांत 75 च्या आसपास दिलेला असतो, म्हणजे बराच वरचा. तो वाचून घाबरू नका. हा आकडा काढताना माणसाला त्या पदार्थातून साधारण 50 ग्रॅम कर्बोदकं मिळतील एवढा पदार्थ खायला देतात. भोपळ्यातून 50 ग्रॅम मिळवायची तर पाऊण किलोच्या आसपास भोपळा एका बैठकीत खावा लागेल. तेवढा कोण खातं? वाटीभर भाजीचा साखरेवरचा भार खरोखर हलका असतो.

तरीही माझ्या शब्दावर जाऊ नका, मोजून बघा. घरात ग्लुकोमीटर असेल तर एके दिवशी नेहमीच्या भातासोबत बटाट्याची भाजी, दुसऱ्या दिवशी तेवढाच भात आणि बटाट्याऐवजी भोपळ्याची भाजी असं करा. दोन्ही दिवशी जेवणाआधी आणि पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी साखर तपासा. सासऱ्यांसारखी माणसं सुनेच्या किंवा माझ्या सांगण्याने ऐकत नाहीत, पण स्वतःच्या बोटातल्या थेंबाचा आकडा समोर दिसला की ऐकतात.

एक गोष्ट मात्र भोपळा सुरू करण्याआधी तपासून घ्या. मधुमेह जुना असेल तर त्यांचा क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडं कशी चालतात ते दाखवणारा, रक्ताचा रिपोर्ट बहुधा काढलेला असतो, तो बघा. मूत्रपिंडं कमजोर झाली असतील आणि डॉक्टरांनी पोटॅशियम जपायला सांगितलं असेल, तर भोपळाही त्यांना विचारूनच द्या. 100 ग्रॅम कच्च्या भोपळ्यात 340 मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं. अशा रुग्णांसाठी फोडी लहान करून भरपूर पाण्यात उकळायच्या आणि ते पाणी टाकून द्यायचं. पोटॅशियम बरंच कमी होतं, चवही जाते, पण इलाज नाही. मूत्रपिंडं ठीक असतील तर हेच पोटॅशियम रक्तदाबाच्या दृष्टीने चांगलं, आणि मग पाणी फेकायचं काहीच कारण नाही.

आता भोपळ्याचं खरं धन. त्याचा केशरी रंग म्हणजे बीटा कॅरोटीन. त्यापासून आपलं शरीर अ जीवनसत्त्व बनवतं. डोळ्यांसाठी, त्वचेसाठी, श्वासनलिकेच्या आणि आतड्याच्या अस्तरासाठी, जंतूंशी लढण्यासाठी ते लागतं. कमतरता वाढली की पहिल्यांदा कातरवेळी आणि अंधारात दिसेनासं होतं, त्यालाच रातांधळेपणा म्हणतात. म्हणून तर 9 महिने ते 5 वर्षं या वयात मुलांना दर सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्वाचा डोस पाजतात. तुमची मुलगी त्या वयाच्या पुढे गेली आहे, म्हणजे आता जे मिळायचं ते ताटातूनच. आणि मासे, अंडी, दूध यांतलं काही ती खात नसेल, तर भोपळा, शेवग्याचा पाला, लाल माठ आणि मोसमात पिकलेला आंबा यांच्यावरच तिची भिस्त.

पण कॅरोटीन स्निग्ध पदार्थात विरघळतं. तेल-तूप-खोबरं नसेल तर ते आतड्यातून बरंचसं तसंच पुढे निघून जातं. शिवाय ते भाजीच्या पेशींत कोंडलेलं असतं, शिजवून मऊ केल्यावरच मोकळं होतं. म्हणून कच्च्या भोपळ्याचा रस पिण्याचं जे खूळ निघालं आहे, ते मला पटत नाही. पाण्यात उकडून बिनफोडणीची खाल्लेली 'डाएट' भाजीही त्याच कारणाने वाया जाते. एका जेवणात चार-पाच ग्रॅम स्निग्धांश पुरतो. खवलेल्या ओल्या खोबऱ्यात तिसरा हिस्सा स्निग्धांश असतो, म्हणजे पोह्याच्या दोन चमच्यांत काम झालं. आपल्या आज्या भाजी उतरवताना वरून खोबरं पेरायच्या, त्याच्यामागे हे गणित चोख बसतं. फक्त सासऱ्यांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल, तर एकाच जेवणात भाजीवर खोबरं, आमटीत वाटप आणि वर सोलकढी असं तिन्हीकडे नको. ज्या दिवशी भोपळा, त्या दिवशी खोबरं भोपळ्याला द्या.

भोपळे सगळे सारखे नसतात. गर फिका पिवळा असेल तर कॅरोटीन कमी, गडद केशरी असेल तर कितीतरी पट जास्त. वेलावरचा पिकलेला भोपळा ओळखायचा तर देठ बघा. तो सुकून खडबडीत, बुचासारखा झालेला हवा. सालीवर नख दाबलं तर रुतता कामा नये. बाजारातून फोड घेताना तर रंग समोरच दिसतो, तेव्हा फिकी फोड स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. पुढच्या जूनमध्ये बी विकत घेणार असाल तर बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची 'अर्का चंदन' ही जात आहे, फळ दोन-तीन किलोचं, गर केशरी. लहान कुटुंबाला एवढं फळ बरं पडतं, मोठा भोपळा फोडला की अर्धा शेजारी वाटावा लागतो.

तंतूंबद्दल एक खुलासा. भोपळा म्हणजे भरपूर तंतू, असं सर्रास लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात 100 ग्रॅमला जेमतेम अर्धा-एक ग्रॅम. प्रथिनंही नावालाच. म्हणून मी भोपळा एकटा शिजवायला सांगत नाही. त्यात कडधान्य घाला. मालवणी काळे वाटाणे, चवळी, मूग, रायगडकडचे वाल, काहीही. भोपळ्याच्या गोडीला वालाचा किंचित कडसर स्वाद इतका जुळतो की ज्याने खाल्ला नाही त्याने एकदा तरी करून बघावा. कडधान्याने साखरही सावकाश चढते.

रोजच्या भाजीची रीत सांगते, कारण भोपळा आवडत नाही म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो फक्त लगदा झालेला खाल्लेला असतो. साल कोवळी असेल तर काढू नका, स्वच्छ धुऊन सालीसकटच विळीवर इंच-दीड इंचाच्या फोडी करा. सालीमुळे फोड मोडत नाही. कढईत दोन चमचे तेल, खोबरेल असेल तर उत्तमच. तेल तापलं की मोहरी, ती तडतडली की अर्धा चमचा मेथीदाणे. भोपळ्याला मेथीदाणा हवाच. तो तांबूस झाला पाहिजे, काळा झाला तर फोडणी कडू होते. मग हिंग, कढीपत्ता, दोन सुक्या मिरच्या, हळद आणि लगेच फोडी. एकदा परतून सगळ्या फोडींना तेल लागलं की वर खोलगट झाकण ठेवून त्यात पाणी घाला. कढईत पाण्याचा थेंब नको. भोपळा स्वतःच्या पाण्यात शिजतो. मंद आचेवर पाच-सात मिनिटांनी झाकण काढून बघा. कडा मऊ झालेल्या आणि मधला भाग अजून जरा टणक असेल, तेव्हा मीठ आणि दोन आमसुलं टाका. मीठ आधी टाकलं तर पाणी सुटून भाजी पचपचीत होते. उलथन्याने ढवळू नका, कढईच धरून हलवा. दोन-तीन मिनिटांनी विस्तव बंद करून वरून खोबरं आणि कोथिंबीर. गूळ घालायचा नाही. आमसुलाच्या आंबटपणामुळे भोपळ्याची स्वतःची गोडी पुढे येते, गुळाची गरजच उरत नाही. उकड्या तांदळाच्या पेजेबरोबर ही भाजी किती छान लागते हे तुम्हाला मी सांगायला नको, पण सासऱ्यांना पेज वाढताना मापात वाढा.

भरीत मला त्याहूनही आवडतं. चूल असेल तर भोपळ्याची मोठी फोड साल खाली करून निखाऱ्यावर ठेवा, नसेल तर मोदकपात्रात वाफवा. गर चमच्याने खरवडून काढा, हाताने मोडा पण अगदी गुळगुळीत करू नका. पूर्ण गार झाल्यावर ताजं दही, मीठ, बारीक चिरलेली हिरवी मिरची, आणि वरून तुपाची मोहरी-हिंगाची चुरचुरीत फोडणी. गार होण्याआधी दही घातलं तर पाणी सुटतं. दह्याने प्रथिनं आली, तुपाने स्निग्धांश आला, आणि तिखट नसलेलं भरीत मुलंही खातात. सासऱ्यांच्या दुपारच्या जेवणात हे भरीत, एक भाकरी आणि कडधान्याची उसळ असली की मला मधुमेहाचं याहून चांगलं ताट सुचत नाही.

मासे खाणाऱ्या घरात भोपळ्यात सोडे किंवा सुकट घालतात तीही उत्तम जोडी. प्रथिनं मिळतात, चव तर विचारूच नका. फक्त सुकी मासळी खारट असते. कोमट पाण्यात भिजवून, दोनदा धुऊन घ्या आणि भाजीत वरून मीठ घालण्याआधी चाखा. घरात रक्तदाबाची गोळी चालू असेल तर एवढं करायलाच हवं. खतखत्यात आणि ऋषिपंचमीच्या ऋषीच्या भाजीत भोपळा असतोच. त्या भाज्या सणापुरत्या न ठेवता पावसाळ्यात आणखी दोन-चारदा केल्या तर घरातल्या सगळ्यांचंच भलं होईल. भोपळ्याचं सूप करायला हरकत नाही, पण गाळलेल्या सुपापेक्षा भाजी केव्हाही चांगली.

मुलीचं सांगते. सात वर्षांचं मूल भाजी नको म्हणतं तेव्हा ते बहुधा मऊ, ओलसर फोडीला नको म्हणत असतं. फोडच दाखवू नका. किसलेला भोपळा घावणाच्या पिठात घाला. वाटीभर तांदळाच्या पिठाला अर्धी वाटी कीस, मीठ, जिरं, आणि पीठ नेहमीइतकंच पातळ. बिडाच्या तव्यावर कडा सुटेपर्यंत ठेवा. केशरी घावणं दिसतातही सुरेख. थालीपिठाच्या भाजणीत कीस मळला की पाणी घालावं लागत नाही आणि थालीपीठ दुसऱ्या दिवशीही मऊ राहतं. त्याचबरोबर, ती खावो न खावो, घरात भाजी झाली की तिच्या ताटात एक फोड राहू दे. ओरडायचं नाही, आमिष दाखवायचं नाही. पुन्हा पुन्हा समोर आलेला पदार्थ मुलं हळूहळू उचलायला लागतात. आजोबांनी तिच्यासमोर चवीने भाजी खाल्ली तर आणखी लवकर.

भरपूर भोपळा खाऊन मुलांचे तळहात पिवळसर दिसायला लागतात कधी कधी. आई घाबरून कावीळ समजते. डोळ्यांचा पांढरा भाग बघा. तो पांढराच असेल तर तो कॅरोटीनचा रंग आहे, भोपळा थोडे दिवस कमी केला की उतरतो. डोळे पिवळे असतील तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

घारगे. ते बंद करा असं मी म्हणणार नाही, सणाला घरात घारग्यांचा वास दरवळलाच पाहिजे. पण हिशेब माहीत असू दे. दोन वाट्या किसाला एक वाटी गूळ घेतला आणि वीसेक घारगे झाले, तर एका घारग्यात साधारण दोन चमचे गूळ, त्याशिवाय पीठ आणि तळणाचं तेल. सासऱ्यांनी चार खाल्ले की काय होतं ते उघड आहे. गुळाने साखर चढत नाही हा समज चुकीचा आहे, चढते, साखरेसारखीच. भोपळा खूप पिकलेला असेल तर गूळ अर्धा करा. कीस तुपावर नीट परतून पाणी आटवलं की त्याचीच गोडी दाट होते. मग गूळ, चिमूटभर मीठ, जायफळ. गार झाल्यावर मावेल तेवढीच कणीक आणि थोडं तांदळाचं पीठ. पाणी अजिबात नको. केळीच्या पानावर थापून, वर खसखस लावून तळा. सासऱ्यांना एक द्या, जेवणाबरोबर द्या, आणि त्या जेवणातला भात तेवढा कमी करा. तेच पीठ थोडं सैल करून हळदीच्या पानात वाफवलं तर तेलही वाचतं आणि पानाचा वास लागतो तो वेगळाच.

आता बिया. 100 ग्रॅम सोललेल्या बियांत सुमारे 30 ग्रॅम प्रथिनं, 50 ग्रॅमच्या आसपास चरबी, आणि मॅग्नेशियम, जस्त, लोह भरपूर. खूपच पौष्टिक, म्हणूनच उकिरड्यावर टाकू नका. राखेत किंवा पाण्यात चोळून बुळबुळीतपणा काढा, सुपात पसरून खडखडीत वाळवा, कढईत मंद आचेवर भाजा. पावसाळी हवेत वाळल्या नाहीत तर बुरशी धरते, तशा बिया सरळ फेका. भाजलेल्या बिया सोलून लसूण, सुकं खोबरं, लाल मिरचीबरोबर कुटल्या की भाकरीबरोबर खायला सुंदर चटणी होते. दिवसाला चमचाभर पुरे, कारण 100 ग्रॅममध्ये साडेपाचशेच्या वर कॅलरी आहेत. पण या चूर्णाने मधुमेह उतरतो हे खरं नाही. सासऱ्यांची एकही गोळी त्याच्या भरवशावर बंद करू नका. तीच गोष्ट जंतांची. बिया जंतांवर देण्याचा प्रघात जुना आहे, पण शाळेत आणि अंगणवाडीत जंताची गोळी मिळते ती मुलीला द्या, बिया खाऊ म्हणून द्या.

कोवळी पानं आणि वेलाचे शेंडेही खा. पानांवरची लव टोचते म्हणून देठाची शीर सोलून, बारीक चिरून, लसणाची फोडणी आणि थोडी मूगडाळ घालून परता. शेंडा खुडला की वेलाला बाजूने फुटवे येतात, म्हणजे वेलाचंही नुकसान नाही. घरात कोणी वॉरफरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी घेत असेल तर पालेभाजी अचानक वाढवू नका, पानांतल्या के जीवनसत्त्वाने गोळीचा परिणाम बदलतो. भजीसाठी फुलं तोडाल तर नर फुलंच तोडा. ती लांब बारीक देठावर येतात. मादी फुलाच्या मागे सुपारीएवढा भोपळा असतो, ते राहू द्या. आणि नरही सगळे तोडू नका, परागीकरणाला थोडे लागतात.

एक धोक्याची गोष्ट. भोपळा, दुधी, काकडी, कोणतंही असलं फळ कडू लागलं तर थुंकून टाका आणि अख्खं फळ फेका. हा कडूपणा कुकुर्बिटासिन नावाच्या विषारी द्रव्याचा असतो, शिजवून तो जात नाही. कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावल्याच्या घटना आपल्या देशात घडलेल्या आहेत. फोडणीत टाकण्याआधी छोटा तुकडा जिभेला लावून बघायची सवय लावून घ्या.

तुमच्याकडे भरपूर भोपळे आहेत म्हणून साठवणीचं. वीतभर नसला तरी दोन-तीन बोटं देठ ठेवून कापा, देठ उपटला की तिथूनच कुजायला लागतं. मातीवर, ओल्या जमिनीवर ठेवू नका. माळ्यावर किंवा फळीवर सुक्या गवतावर, एकाला दुसरा टेकणार नाही असे मांडा. साल निबर असेल तर दोन-तीन महिने सहज टिकतात. खरचटलेले, आपटलेले आधी वापरा. कापलेला भोपळा बिया आणि मधली जाळी काढून फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. फ्रिज भरला असेल तर किसून, तुपावर परतून ठेवा, तो कीस घावणाला, थालीपिठाला लगेच हाताशी येतो. आणि ज्या फळाचा गर सगळ्यात गडद निघेल, त्याच्या बिया चटणीत न घालता पुढच्या पेरणीला वेगळ्या काढा.